कार्ड खिशांत आणि उपकेंद्राला कुलूप



परवां एका खेड्यांत आमचा मुक्काम होता. सकाळीं चावडीपाशीं एक लोहारदादा लंगडत येतांना दिसले. तापलेलें लोखंड पायावर पडून जखम झाली होती. ती चिघळून पाऊल टम्म सुजलें होतें. आम्हीं विचारलें, "दादा, उपकेंद्र तर तुमच्या शाळेमागेंच आहे. तिथें कां गेलां नाहीं?" ते हंसून म्हणाले, "गेलों होतों कीं! कुलपाला पाय दाखवून आलों." मग त्यांनीं बंडीच्या खिशांतून एक कार्ड काढून आमच्या हातीं दिलें. "हें बघा, पांच लाखांचें आहे म्हणतात. पण मलमपट्टीला चालत नाहीं. इस्पितळांत भरती झालों तर चालतें. म्हणजे पाय कापायच्या वेळीं."

वाचकहो, लोहारदादांच्या या एका बोलण्यांत आपल्या आरोग्याचा सगळा कारभार आला. पाय वांचवायला सरकारजवळ माणूस नाहीं, पाय कापायला पांच लाख आहेत. आम्ही आज याच उलट्या न्यायाविषयीं चार शब्द बोलणार आहों, आणि ते कोणाला गोड लागतील असा आमचा समज नाहीं.

आधीं एक गोष्ट साफ सांगून टाकतों. आम्ही कार्डाचे वैरी नाहीं. ज्याच्या घरीं हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा रोग शिरला, त्याला त्या कार्डाचा आधार होतो, हें आम्ही नाकारीत नाहीं. पण आधार कोठें आहे आणि फसवणूक कोठें आहे, तें समजून घ्या. २०१८ सालीं आयुष्मान भारत योजना निघाली. तिच्यांत गरीब कुटुंबाला वर्षाला पांच लाखांपर्यंतचा खर्च आहे, पण तो इस्पितळांत दाखल झाल्यावर. महाराष्ट्रांत याच तऱ्हेची योजना आधींपासून होती. तिला २०१७ सालीं महात्मा जोतीराव फुल्यांचें नांव दिलें. ज्या पुरुषानें १८८३ सालीं 'शेतकऱ्याचा असूड' लिहून रयतेच्या दैन्याचें मूळ खणून काढलें, त्याचें नांव मुळाला पाणी न घालणाऱ्या योजनेला! नांव मोठें केलें, पण शिकवण काय घेतली?

आतां आपल्या घरांतलीं दुखणीं मोजा. पोराला जुलाब, म्हाताऱ्याचा खोकला, सुनेचें बाळंतपण, ताप, विंचू, कुदळीची जखम, रक्तदाब, साखर. यांतल्या बहुतेकांना दाखल व्हावें लागत नाहीं. वेळेवर गोळी, सुई, सल्ला मिळाला तर पुरे. रक्तदाबाचेंच घ्या. तो मोजायला पांच मिनिटें लागतात आणि त्याची गोळी स्वस्त असते. पण ती रोज मिळाली पाहिजे आणि कोणीतरी महिन्याला विचारलें पाहिजे. तें झालें नाहीं तर एके दिवशीं कर्ता माणूस लकव्यानें आडवा होतो. मग कार्ड धांवून येतें! स्वस्त गोळीनें थांबला असता तो रोग लाखापर्यंत वाढू द्यायचा, आणि मग ते लाख लोकांच्या तिजोरींतून काढून बड्या इस्पितळाच्या गल्ल्यांत टाकायचे. आग लागेपर्यंत घागर द्यायची नाहीं, आणि घर जळाल्यावर पत्रे वांटायचे, त्यांतला हा प्रकार आहे.

आणि तोपर्यंतचा खर्च कोणाच्या कमरेचा? सरकारच्याच हिशेबाप्रमाणें २०२१-२२ सालीं देशांत आरोग्यावर झालेल्या दर शंभर रुपयांतले सुमारें ३९ रुपये लोकांनीं आपल्या पदरचे भरले. त्याच सालीं सगळ्या सरकारांनीं मिळून केलेला खर्च देशाच्या उत्पन्नाच्या शेंकडा १.८४ इतकाच होता. २०१७ च्या आरोग्य धोरणांत वचन होतें कीं, २०२५ पर्यंत हा खर्च शेंकडा अडीचवर नेऊं, आणि त्यांतला दोनतृतीयांश किंवा अधिक वांटा प्राथमिक आरोग्यसेवेला देऊं. पंचवीस साल उलटून गेलें. सावकाराचा हप्ता एक दिवस चुकला तर तो दारांत येऊन बसतो. सरकारचें वचन चुकलें तर आपण कोणाच्या दारांत जाऊन बसतों?

कोणी म्हणेल, हें नवें खूळ कोठून आणलें? नवें नाहीं, जुनेंच आहे. १९४३ सालीं इंग्रज सरकारनें सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालीं एक समिती नेमली. १९४६ सालीं तिनें सांगितलें कीं, पैसे देण्याची ऐपत नाहीं म्हणून कोणीहि माणूस औषधपाण्याला मुकतां कामा नये. खेड्यांसाठीं प्राथमिक आरोग्य केंद्राची कल्पना तिनेंच मांडली. त्याच सुमारास राष्ट्रीय नियोजन समितीच्या वतीनें साहिबसिंग सोखी यांच्या उपसमितीनें म्हटलें कीं, दर हजार वस्तीमागें गांवचाच एक शिकवलेला आरोग्यसेवक असावा. हे सोखी मुंबईच्या हाफकिन संस्थेचे पहिले हिंदी संचालक होते. म्हणजे देश स्वतंत्र होतांना दोन्ही गोष्टी कागदावर आल्या होत्या: गांवाजवळ केंद्र आणि गांवांतला माणूस.

पण भोर समितीच्या बहुमतानें आणखी एक गोष्ट केली, ती फारसें कोणी सांगत नाहीं. त्या काळीं कमी वर्षांचा अभ्यास करून निघणारे लायसेन्शिएट डॉक्टर देशांत पदवीवाल्यांपेक्षां जास्त होते. समितीनें तो वर्गच बंद करावा असें ठरविलें. कांहीं सभासदांनीं विरोध नोंदवला, तो बाजूला राहिला. हेतू चांगला असेल. खेड्याला दुय्यम डॉक्टर नको, अव्वल डॉक्टर द्यावा, असें त्यांचें म्हणणें होतें. परिणाम काय झाला? दुय्यम बंद झाला आणि अव्वल शहर सोडून आला नाहीं. मधल्या मोकळ्या जागेंत सलाईनवाला भोंदू येऊन बसला.

हा प्रश्न एकट्या आपल्या देशाचा नव्हता. १९७८ च्या सप्टेंबरांत, त्या वेळच्या सोव्हिएत संघांतल्या कझाकस्तानांत, आल्मा-आटा या शहरीं १३४ देशांच्या सरकारांचे प्रतिनिधी जमले. जागतिक आरोग्य संघटनेचे तेव्हांचे प्रमुख हाफडान माहलर यांनीं या कामांत पुढाकार घेतला होता. तेथें जाहीरनामा निघाला कीं, आरोग्य हा माणसाचा हक्क आहे. देशादेशांतली आणि एका देशांतल्या वर्गावर्गांतली विषमता मान्य करतां येणार नाहीं. आणि आरोग्य म्हणजे फक्त औषध नव्हे. पुरेसें अन्न, स्वच्छ पाणी, संडास, मातेची व मुलाची काळजी, लस, जरूरीचीं औषधें, हें सगळें त्यांत धरलें. शिवाय लोकांनीं आपल्या आरोग्याच्या कामांत स्वतः भाग घ्यावा, हा त्यांचा हक्क आहे आणि कर्तव्यहि आहे, असें म्हटलें. २००० सालापर्यंत सर्वांना आरोग्य, अशी घोषणा झाली.

वाचकहो, ही घोषणा शाई वाळण्यापूर्वींच कातरली गेली. १९७९ सालीं अमेरिकेंतल्या ज्युलिया वॉल्श व केनेथ वॉरन या दोन संशोधकांनीं लेख लिहिला कीं, सगळें करणें परवडणार नाहीं, तेव्हां तूर्त निवडक रोगांवर निवडक उपाय करावे. पैसेवाल्या देशांना तें फार आवडलें. पुढें युनिसेफनें मुलाचें वजन, जुलाबाला साखरमिठाचें पाणी, अंगावरचें दूध आणि लसीकरण या चार गोष्टींवर जोर दिला. या चार गोष्टींनीं पुष्कळ मुलें वांचलीं. तें श्रेय आम्ही हिरावून घेत नाहीं. पण चार फांद्या ठेवून बुंधा तोडला, हें कसें विसरावें? विहिरीचें पाणी गेलें, पोटाला अन्न गेलें, आणि लोकांचा अधिकार तर सगळ्यांत आधीं गेला. साखरमिठाचें पाणी पाजून पोर उठवायचें आणि त्याच घाण ओढ्याचें पाणी पिऊन तें पुन्हां पडायचें! १९८७ सालीं जागतिक बँकेनें आणखी एक सल्ला दिला कीं, सरकारी दवाखान्यांत रोग्याकडून फी घ्या. आफ्रिकेंतल्या कितीतरी देशांत गरिबांना दवाखान्याच्या दारावर पैसे मोजावे लागले, आणि ज्याच्याजवळ पैसे नव्हते तो दारावरूनच परत फिरला.

येथें आमचे विद्वान मित्र म्हणतात, "तुमचें म्हणणें भाबडें आहे. वैद्यक हें कठीण शास्त्र. अडाण्याच्या हातीं तें कसें द्यावें?" हें बोलणें आम्हांस फार ओळखीचें वाटतें. पूर्वी भटजी म्हणत, मंत्र शूद्राच्या कानीं गेला तर बाटेल. आज पांढऱ्या डगल्यांतले कांहीं शास्त्री म्हणतात, विद्या गांवच्या बाईच्या हातीं गेली तर माणसें मरतील. सगळेच डॉक्टर असे नाहींत. अंगमेहनतीनें खेड्यांत राबणारे आहेत, त्यांना आमचा नमस्कार. पण मक्तेदारीचा सूर एकच आहे. त्याला आम्ही तर्कानें नव्हे, घडलेल्या गोष्टींनीं उत्तर देतों.

पहिली गोष्ट नगर जिल्ह्यांतली. त्या जिल्ह्याला आतां अहिल्यानगर म्हणतात. १९७० सालीं डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हें जोडपें जामखेडला आलें. त्यांनीं आधीं शिकलेल्या नर्सा खेड्यांत पाठवून पाहिल्या. तें जमलें नाहीं. मग त्यांनीं गांवांतल्याच बाया निवडल्या. त्यांतल्या बऱ्याच निरक्षर होत्या, कितीएक दलित समाजांतल्या होत्या. त्या दर आठवड्याला जामखेडला येऊन शिकत आणि गांवीं जाऊन शिकवीत. गरोदर बाईची तपासणी, बाळंतपण, जुलाब, क्षय, कुष्ठरोग, पोराचें वजन, सगळें त्यांनीं हातीं घेतलें. दुष्काळांत विहिरी घेतांना त्या दलित वस्तींत घेतल्या. पाणी प्यायचें असेल तर वरच्या आळीनें तेथें यावें! कामाला सुरुवात झाली तेव्हां त्या भागांत हजार जन्मांमागें १७६ बालकें वर्षाच्या आंत दगावत होतीं. १९७६ पर्यंत तो आंकडा ५२ वर आला. हें कार्डानें झालें नाहीं. जिला आपण उंबऱ्याच्या आंत घेत नव्हतों, त्या बाईनें आपलीं पोरें वांचवलीं.

दुसरी गोष्ट गडचिरोलीची. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनीं १९८६ सालीं तेथें 'सर्च' ही संस्था काढली. त्यांच्या ध्यानांत आलें कीं, बाळें पहिल्या महिन्यांतच जातात आणि घरींच जातात. इस्पितळ दूर, पावसांत वाट बंद. तेव्हां त्यांनीं ३९ गांवांतल्या बायांना शिकवलें. बाळ कसें ऊबदार ठेवावें, श्वास अडकला तर काय करावें, न्यूमोनिया व रक्तांतला जंतुसंसर्ग कसा ओळखावा आणि जरूर पडली तर सुई कशी द्यावी, हें सगळें त्या शिकल्या. पहिल्या महिन्यांत मरणाऱ्या बाळांची संख्या हजारीं ६२ वरून तीनएक वर्षांत सुमारें २५ वर आली. १९९९ सालीं हें काम इंग्लंडच्या 'लॅन्सेट' या वैद्यकी पत्रांत छापून आलें, आणि पुढें देशोदेशीं त्याचा कित्ता गिरवला गेला. विद्या बायांच्या हातीं गेली आणि माणसें मेलीं नाहींत, जगलीं!

तिसरी गोष्ट परदेशची, आणि ती दोन्ही बाजूंनीं शिकवते. चीन देशांत १९६० नंतरच्या दशकाच्या शेवटीं शेतावर राबणाऱ्या तरुण पोरापोरींना थोडें शिक्षण देऊन गांवांत नेमलें. त्यांना अनवाणी डॉक्टर म्हणत. अर्धा वेळ शेती, अर्धा वेळ औषधपाणी. त्यांचा खर्च गांवाच्या सामाईक फंडांतून निघे. १९८० नंतर सामुदायिक शेती मोडली, फंड आटला आणि बहुतेक गांवांतली ती व्यवस्था कोसळली. माणूस तयार केला म्हणजे काम झालें असें नाहीं. त्याच्या मागें पैसा कायमचा उभा पाहिजे, हा यांतला धडा.

हा धडा आपल्या सरकारनें शिकला काय? २००५ सालीं राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान निघालें आणि गांवोगांव आशाताई नेमल्या. आज देशांत त्या सुमारें दहा लाख आहेत. कोरोनाच्या साथींत दारोदार हिंडून ताप मोजला त्यांनीं, लोकांच्या शिव्या खाल्ल्या त्यांनीं. २०२२ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें त्यांचा गौरव केला. आणि सरकारदफ्तरीं त्या कोण? तर स्वयंसेविका! पगार नाहीं, मानधन आणि कामागणिक मोबदला. २०२४ च्या आरंभीं याच बायांना थंडींत मुंबईच्या आझाद मैदानावर येऊन बसावें लागलें. आपल्या बलुतेदारांना ही रीत नवी नाहीं. काम बारा महिने, आणि सुगीला खळ्यावर हात पसरायचा. मूठ देणाऱ्याची मर्जी! बलुतें मोडलें म्हणून आपण आनंद मानतों, आणि सरकार आरोग्याच्या खात्यांत नवें बलुतें वसवतें.

हें अटळ आहे काय? मुळींच नाहीं. ब्राझील देशानें १९८८ च्या राज्यघटनेंत आरोग्य हा सर्वांचा हक्क व सरकारचें कर्तव्य म्हणून लिहिलें. १९९४ पासून तेथें वस्तीवस्तीला डॉक्टर, नर्स आणि घरोघर जाणारे आरोग्यसेवक यांची एक तुकडी असते. हे सेवक अडीच लाखांच्या वर आहेत. आणि २०२२ सालीं त्यांनीं राज्यघटनेंतच दुरुस्ती केली कीं, या सेवकांना देशाच्या किमान वेतनाच्या दुपटीहून कमी पगार देतां येणार नाहीं. तेथेंहि गरिबी आहे, तेथेंहि तिजोरीवर ओढ आहे. पण त्यांनीं आपल्या सेवकाला हक्काचा पगार दिला, आणि आपण आपल्या आशाताईला टाळ्या दिल्या.

"पैसे कोठून आणायचे?" हा शेवटचा आक्षेप. आम्ही विचारतों, इस्पितळांचीं बिलें भरायला कोठून आले? आले तेथूनच. आणि औषधाच्या बाबतींत तर पैशापेक्षां नीतीचा प्रश्न मोठा आहे. तामिळनाडूनें १९९४ सालीं सरकारी औषधखरेदीसाठीं स्वतंत्र महामंडळ काढलें. निवडक जरूरीचीं औषधें, एकगठ्ठा खरेदी, गुणवत्तेची तपासणी आणि जिल्ह्याजिल्ह्याला वखारी, एवढ्या साध्या शिस्तीनें तेथल्या दवाखान्यांत गोळी वेळेवर पोंचूं लागली. महाराष्ट्रानें अशा प्राधिकरणाचा कायदा २०२३ सालीं केला. जवळजवळ तीस वर्षें लागलीं! शेजाऱ्याच्या शेतांत पीक डोलतांना दिसत असून आपण पेरणीचा मुहूर्त पाहत बसलों.

आतां, बंधूंनो, दुसऱ्याला बोललों तसें आपल्या घरांतहि पाहूं. दोष सगळा सरकारचा नाहीं. गोळीनें बरा होणारा ताप असतांना "डॉक्टर, सलाईन लावा" असा हट्ट कोण धरतो? पोर निळें पडेपर्यंत देवऋष्याकडे अंगारा कोण मागतो? आशाताई बौद्ध वाड्यांतली आहे म्हणून तिच्या हातचें पाणी नको, पण तिनें दिलेली गोळी चालेल, हें ढोंग कोणाच्या ओसरीवर चालतें? सून अंगांत रक्त नाहीं म्हणून पिवळी पडली तरी तिनें शेवटीं उरलेलें खावें, हा कायदा कोणत्या सरकारनें केला? आपण आपल्या घरांत विषमता पाळायची आणि सरकारजवळ समता मागायची, हें शोभत नाहीं. आरोग्याची पहिली पायरी आपल्याच चुलीपाशीं आहे.

दुसरी पायरी ग्रामसभेंत आहे. सरकारी निकषांचा हिशेब असा कीं, सपाटीवर पांच हजार आणि डोंगरी व आदिवासी भागांत तीन हजार वस्तीमागें एक उपकेंद्र. तसेंच तीस हजार किंवा वीस हजारांमागें एक प्राथमिक आरोग्य केंद्र. गांवांत आरोग्य, पोषण, पाणी व स्वच्छतेची समिती असते आणि तिच्यासाठीं वर्षाला दहा हजार रुपयांपर्यंत निधीची तरतूद ठरलेली आहे. तुमच्या गांवांत त्या समितीचे सभासद कोण, हें तुम्हांस ठाऊक आहे काय? महाराष्ट्रांत २००७ पासून कांहीं जिल्ह्यांत लोकांनींच दवाखान्यांवर देखरेख ठेवून जनसुनावण्या घेतल्या. अधिकाऱ्यांना समोर बसवून बायांनीं विचारलें, "औषध बाहेरून कां आणायला लावलें? नर्सबाई कां नव्हत्या?" असा प्रश्न चारचौघांत आला म्हणजे कुलपें उघडतात, हें अनेक ठिकाणीं दिसून आलें आहे.

तेव्हां आमचें मागणें थोडक्यांत असें. कार्ड असूं द्या, पण आधीं उपकेंद्र उघडा आणि तें रोज उघडें ठेवा. औषध तेथेंच द्या, चिठ्ठी देऊं नका. आशाताईला कामगार म्हणा आणि महिन्याच्या महिन्याला पगार द्या. धोरणांत लिहिलेला प्राथमिक सेवेचा दोनतृतीयांश वांटा काढून दाखवा. आणि दवाखान्याचा हिशेब गांवासमोर वाचा. यांत भीक एकहि नाहीं. सगळें आपल्याच करांतलें आहे. काडेपेटीपासून खतापर्यंत जो जिन्नस आपण घेतों, त्यावर कर आपण भरतों.

१८९७ सालीं पुण्याकडे प्लेग आला. श्रीमंत गांव सोडून पळाले. तेव्हां सावित्रीबाई फुले मुंढव्याकडच्या एका आजारी पोराला पाठीवर घेऊन दवाखान्यांत गेल्या. त्याच सांथीनें त्यांना गांठलें आणि १० मार्चला त्यांनीं देह ठेवला. त्यांचा मुलगा यशवंत डॉक्टर होता, दवाखाना त्यानें उघडला होता. पण पोर तेथवर पोंचवायला कोणाची तरी पाठ लागली. आज दहा लाख आशाताया तेंच ओझें वाहत आहेत. त्यांनीं पाठ द्यावी आणि आपण फक्त पाहत रहावें काय?

लोहारदादांचा पाय दुसऱ्या दिवशीं आम्हीं तालुक्याला नेऊन धुऊन घेतला. तो वांचेल असें डॉक्टर म्हणाले. पण गांवचें कुलूप तसेंच आहे. येत्या ग्रामसभेंत दादा स्वतः उठून त्याची किल्ली मागणार आहेत. तुमच्या गांवीं कोण उठणार?